सायकलचा टायर हाही आरोग्याचाच प्रश्न

आरोग्याच्या पानावर आपण साखर, रक्तदाब, रक्ताची कमतरता, तंबाखू या विषयांवर वाचतो. ते वाचलेच पाहिजे. पण आपल्या वस्त्यांतल्या कित्येक घरांत कमावता माणूस रोज सायकलवर कामाला जातो, आणि त्या सायकलच्या टायरबद्दल आरोग्याच्या पानावर एक ओळही नसते. टायर म्हणजे पंक्चरवाल्याचा विषय, डॉक्टरचा नाही, असे आपण धरून चाललो आहोत. ही समजूत बदलायला हवी.

सकाळी पहिल्या पाळीच्या वेळेला सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला उभे राहून पाहा. हँडलला डबा अडकवलेले कामगार, रात्रपाळी संपवून परत निघालेले सुरक्षारक्षक, कॅरिअरला घमेले बांधलेले बांधकाम मजूर यांची रांग लागलेली असते. त्यांच्या चेहऱ्याकडे नको, मागच्या चाकाकडे पाहा. कित्येक टायर अर्धे बसलेले दिसतील. काही गोटा झालेले असतील, काहींच्या कडेला भेगा पडून आतला दोरा दिसत असेल. सायकल चालते आहे ना, मग झाले, असे आपण म्हणतो. पण ती चालवायला किती जोर लागतो आहे, आणि तो जोर कुणाच्या गुडघ्यातून येतो आहे, याचा हिशेब आपण करत नाही.

तो हिशेब आता करू.

सायकल पुढे नेताना माणसाला मुख्यतः दोन गोष्टींशी झगडावे लागते. एक समोरचा वारा, दुसरा टायर. चाक फिरताना टायरचा जो भाग जमिनीला टेकतो तो दबतो आणि पुन्हा गोल होतो. या दबण्या-फुगण्यात रबर तापते आणि आपली थोडी ताकद वाया जाते. टायरमध्ये हवा जितकी कमी, तितके दबणे जास्त, आणि तितकी ताकद जास्त वाया.

आता शर्यतीतला सायकलपटू पाहा. तो सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने जातो. त्या वेगाला त्याच्या ताकदीच्या दहा भागांतले साधारण नऊ भाग वाऱ्याशी झगडण्यात जातात, टायरच्या वाट्याला एखादाच भाग येतो. आपला कामगार ताशी १४-१५ किलोमीटरने जातो. या वेगाला वारा फारसा अडवत नाही. म्हणून त्याची जवळपास निम्मी ताकद टायरवर खर्च होते. टायर बसलेला असेल तर निम्म्याहूनही जास्त. शर्यतवाला टायरचा बारकाईने विचार करतो, कारण त्याला सेकंद वाचवायचे असतात. पण सपाट रस्त्यावर टायरची किंमत प्रमाणाने जास्त मोजतो तो हळू जाणारा कामगार. म्हणून मी म्हणतो, टायरचा प्रश्न आधी वस्तीचा आहे, मग शर्यतीचा.

दुसरा हिशेब जमिनीला टेकणाऱ्या जागेचा. माणूस ६० किलोचा आणि सायकल २० किलोची धरली, तर एकूण ८० किलो. त्यातला मोठा वाटा, साधारण ४८ किलो, मागच्या चाकावर येतो. टायरमध्ये ५० पीएसआय हवा असेल तर दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलोचा दाब असतो. म्हणजे ४८ किलो पेलायला टायरचा सुमारे १४ चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकतो. जेमतेम एका काडेपेटीएवढी जागा! हवा निम्मी झाली की ही जागा दुप्पट होते, टायर पसरतो, कडा वाकतात. तीच सायकल, तोच रस्ता, पण पॅडल जड. कामावरून आल्यावर पाय भरून येतात, गुडघे दुखतात आणि आपण म्हणतो, वय झाले. खरे दुखणे टायरमधल्या हवेचेही असू शकते. डॉक्टरकडे जाऊ नका असे माझे म्हणणे नाही. पण गुडघ्याला तेल चोळण्याआधी टायरला हवा भरून पाहायला हरकत काय?

आता शर्यतीकडे येऊ, कारण आपल्या तरुण मुलांच्या डोळ्यांसमोर शर्यतीची सायकल आहे. ती असणे स्वाभाविक आहे. नाशिकने सायकलिंगमध्ये नाव कमावले आहे. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरचे हे अंतर. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी हीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. या माणसांचे कष्ट मोठे आहेत आणि त्यांच्यामुळे शहरात सायकलला मान मिळाला.

पण एक गणित आपणही मांडू. आपल्या वस्तीतला कामगार रोज आठ किलोमीटर जातो, आठ किलोमीटर येतो. वर्षाचे तीनशे दिवस कामाचे धरले तर किती झाले? ४,८०० किलोमीटर. म्हणजे आपला माणूस दरवर्षी एक अमेरिका ओलांडतो. शर्यतवाल्याच्या मागे गाडी असते, गाडीत जादा चाके असतात, पंप असतो, मदतीला माणसे असतात. आपल्या माणसामागे यातले काही नसते. पंक्चर झाले तर हातात सायकल धरून चालायचे, उशिरा पोहोचायचे आणि अर्ध्या दिवसाचा पगार गमवायचा. ज्याला मदत नाही, त्याचा टायर सगळ्यात चांगला असायला हवा. आपल्याकडे नेमके उलटे आहे.

मुलांचा हट्ट मात्र बारीक टायरच्या सायकलचा असतो. बारीक आणि दगडासारखा कडक टायर म्हणजे वेग, असे त्यांना वाटते. एकेकाळी शर्यतीतही हेच मानले जाई. २३ मिलिमीटर रुंदीचा टायर आणि त्यात १०० ते १२० पीएसआय हवा, अशी पद्धत होती. पुढे मोजमापे झाली आणि शर्यतवाल्यांनीच आपले मत बदलले. सारख्याच हवेला रुंद टायर बारीक टायरपेक्षा कमी दबतो, म्हणून तो सहज फिरतो, हे दिसून आले. शिवाय रस्ता खडबडीत असेल तर फार कडक टायर सायकलला आणि माणसाला उडवत राहतो, आणि प्रत्येक उडीला पुढे जाण्याची ताकद वाया जाते. म्हणून आज जगातले मोठे सायकलपटू २८ मिलिमीटरचे, काही ठिकाणी ३० आणि ३२ मिलिमीटरचे टायर वापरतात, आणि हवाही पूर्वीपेक्षा कमी ठेवतात. युरोपातल्या गुळगुळीत रस्त्यांवर पळणाऱ्यांनी बारीक टायर सोडला. मग आपण तो नाशिकच्या खड्ड्यांत कशासाठी धरून बसायचा?

बारीक टायरचे धोके नीट समजून घ्या. खड्ड्याच्या कडेवर आपटला की ट्यूब रिम आणि रस्ता यांच्यात चिमटली जाते आणि साप चावल्यासारखी दोन भोके पडतात. रिम आऊट होते. गटाराच्या जाळीच्या फटीत चाक अडकते आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. मुलाला सायकल घेताना निदान ३२ ते ४० मिलिमीटर रुंदीचा टायर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. डोंगरी सायकलींसारखे मोठमोठ्या बटणांचे टायरही डांबरी रस्त्यावर कामाचे नाहीत. चिखलात ते धरतात, पण डांबरावर ती बटणे वाकतात, आवाज करतात आणि सायकल जड चालते. रोज शाळा-कॉलेजला जायचे असेल तर मधोमध गुळगुळीत, कडेला थोडी नक्षी असलेला टायर बरा.

हवेच्या टायरचा इतिहासही हेच सांगतो. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेचे टायर लावले. मुलाला दणके बसू नयेत, एवढाच हेतू. पुढच्याच वर्षी तसे टायर लावून विली ह्यूम या सायकलपटूने शर्यती जिंकल्या. म्हणजे हवेच्या टायरचा पहिला गुण आराम होता, वेग त्याच्या मागून आला. शरीराला जपणारा टायर आणि पळणारा टायर हे वेगवेगळे नाहीत.

शरीराला जपणे म्हणजे नेमके काय, तेही पाहू. फार कडक टायर आणि खराब रस्ता असला की हँडलमधून हाताला सतत थरथर बसते. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने जाणारी नस दबते आणि करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होते. कमरेला आणि मानेला दणके बसतात. ज्यांना आधीच कंबरदुखी आहे त्यांना हे फार जाणवते. पंक्चर होत नाही म्हणून हवेशिवायचे भरीव टायर विकले जातात, त्यांचाही हाच दोष आहे. पंक्चर वाचते, पण दणका थेट हाडांपर्यंत येतो आणि पॅडल जड होते. आणि उलट टोकाला, बसलेल्या टायरवर वळण घेताना टायर कलंडतो, सायकल हातात राहत नाही. फार कडकही नको, फार मऊही नको. मधला मार्ग इथेही बरोबर आहे.

मध्यममार्ग म्हणजे किती हवा? टायरच्या कडेला आकडे छापलेले असतात, ते वाचायची सवय मुलांना लावा. साध्या काळ्या मोठ्या सायकलच्या रुंद टायरला साधारण ४० ते ५० पीएसआय पुरते. ३२ मिलिमीटरच्या टायरला ५५ ते ६५, आणि २८ मिलिमीटरच्या टायरला ७० ते ८०. माणूस जड असेल किंवा कॅरिअरवर ओझे असेल तर मागच्या चाकात थोडी जास्त. टायरवर जो सर्वांत मोठा आकडा छापलेला असतो ती मर्यादा आहे, तेवढी हवा भरलीच पाहिजे असा त्याचा अर्थ नाही. ट्यूब फुटकी नसली तरी हवा रबरातून हळूहळू निघून जाते. म्हणून आठवड्यातून एकदा हवा पाहणे हा नियमच करा.

आता पावसाळ्याचे. वर्षावासाचे तीन महिने सायकलवाल्याला सर्वांत जोखमीचे. पुष्कळ जणांना वाटते की नक्षी झिजली म्हणून सायकल पाण्यावरून घसरते. मोटारीच्या बाबतीत ते खरे आहे. सायकलचा टायर अरुंद आणि वेग कमी, त्यामुळे तो पाणी बाजूला सारून डांबराला टेकतोच. घसरण होते ती दुसऱ्या कारणांनी. रस्त्यावर सांडलेले तेल, पांढरे रंगवलेले पट्टे, गटाराची लोखंडी झाकणे, रेल्वेचे रूळ आणि चिखल. यांच्यावर वळू नका, ब्रेक दाबू नका. रूळ नेहमी काटकोनात ओलांडा. स्टीलच्या रिमवर पाणी असले की ब्रेक उशिरा धरतो, म्हणून अंतर ठेवा. झिजलेल्या टायरचा खरा धोका वेगळा आहे. त्याचे रबर पातळ झालेले असते, म्हणून काच, खिळा, बाभळीचा काटा सहज आत जातो, आणि दोरा उघडा पडलेला टायर भरधाव गाड्यांच्या मध्ये अचानक फुटू शकतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. मागचा टायर लवकर झिजतो, कारण त्याच्यावर ओझे असते. आपण नवा टायर आणून मागे घालतो आणि पुढे जुनाच ठेवतो. पण मागचा टायर फुटला तर सायकल सावरता येते. पुढचा फुटला तर माणूस तोंडावर पडतो. म्हणून पुढचा टायर मागे घाला आणि नवा पुढे. खर्च तेवढाच, धोका कमी. टायरच्या कडेला फुगा आला असेल, दोरा दिसत असेल किंवा खोल भेगा असतील तर आतून जुन्या टायरचा तुकडा लावून दिवस काढू नका. सायकल उन्हात आणि हवा नसलेल्या टायरवर महिनोन्महिने उभी ठेवू नका. टायरला रॉकेल, डिझेल, तेल लागू देऊ नका, त्याने रबर खराब होते.

पडून खरचटले तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. हळद, चुना, तंबाखू, माती काही भरू नका. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते आठवत नसेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. डोक्याला मार लागून उलटी झाली, गुंगी आली, तर घरी झोपवून ठेवू नका.

यावर कुणी म्हणेल, आता सायकल चालवतो कोण? हप्त्यावर मोटारसायकल मिळते. मिळते, आणि ज्याला लांब जायचे आहे त्याने ती घ्यावीही. पण पाच किलोमीटरच्या कामासाठी महिन्याचा हप्ता आणि पेट्रोल अंगावर घेण्याआधी हा हिशेब करा. पाच किलोमीटर सायकलने जायला वीस मिनिटे, यायला वीस मिनिटे. आठवड्याचे सहा दिवस म्हणजे २४० मिनिटे. प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. साखर आणि रक्तदाब यांना आवरणारा हा व्यायाम कामाच्या वाटेवर फुकट मिळतो. आपल्या ताई, वहिनी, सुना धुण्याभांड्याच्या कामाला दोन-दोन किलोमीटर पायी जातात. त्यांनाही सायकल मिळाली पाहिजे, आणि ती हलकी चालणारी मिळाली पाहिजे. पॅडल जड लागले की बाई सायकल सोडून देते आणि घरचे म्हणतात, तिला जमत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. रस्ते खराब, आणि तुम्ही आम्हालाच टायर बदलायला सांगता? हा प्रश्न बरोबर आहे. टायर कितीही चांगला असला तरी फूटभर खोल खड्ड्यापुढे तो काही करू शकत नाही. रस्ता नीट ठेवणे हे ज्याच्या ताब्यात रस्ता आहे त्या संस्थेचे काम आहे, आणि ते उपकार म्हणून नव्हे. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की सुस्थितीतले रस्ते मिळणे हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास सहा लाख रुपये आणि जखमी झाल्यास ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले. आपल्यापैकी कोणी खड्ड्यामुळे पडले तर नशिबाला दोष देऊन गप्प बसू नका. खड्ड्याचा फोटो काढा, तारीख, वेळ, ठिकाण लिहून ठेवा, दवाखान्याचे कागद जपा, पोलिसांत नोंद करा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना तिथे मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. टायर सांभाळणे आपले काम, रस्ता सांभाळणे त्यांचे. एक केले म्हणून दुसरे मागायचे सोडायचे नाही.

शेवटी एक सूचना. सातपूरमध्ये सिएटचा मोठा टायर कारखाना आहे, आपल्या शहराला टायर नवा नाही. तरीही आपल्या बहुतेक वस्त्यांत दाब दाखवणारा घड्याळाचा पंप नाही. पंक्चरवाला अंगठ्याने दाबून सांगतो आणि आपण मान डोलावतो. मोठ्या चाकाला ते चालून जाते, बारीकला नाही. पेट्रोल पंपावरची हवा वेगाने येते, तिथे ट्यूब फुटायची भीती, आणि साध्या सायकलचा व्हॉल्व्ह तिथल्या नळीला बसतही नाही. म्हणून प्रत्येक वस्तीने वर्गणी काढून असा एक उभा पंप घ्यावा आणि तो विहारात ठेवावा. एका घराला तो महाग वाटेल, पन्नास घरांना नाही. रविवारच्या वंदनेनंतर तरुण मुलांनी अर्धा तास तिथे थांबावे, येईल त्याच्या सायकलची हवा मोजावी, टायरची भेग दाखवावी, कुणाचा टायर बदलायला झाला आहे ते सांगावे. मुलींनाही हे काम शिकवावे. ज्या मुलीला स्वतःच्या सायकलचे पंक्चर काढता येते तिची शाळा पंक्चरमुळे बुडत नाही.

पंपाच्या शेजारी एक वही ठेवा. कुणाची सायकल, किती हवा होती, किती भरली, एवढेच लिहा. या पावसाळ्यात सुरुवात करा आणि पुढच्या वर्षी ती वही उघडून घराघरात विचारा, गुडघा कसा आहे, खाडे किती झाले, पडले कोण. उत्तरे आली की या पानाकडे पाठवा.